लहानग्यांच्या तोंडात लेझर

जिभेखालचा पडदा आखूड असणे, ओठाच्या आत लाळ साचून फुगलेली पाण्याची गाठ, येणाऱ्या दातावर चढलेली हिरडी: मुलांच्या तोंडातली ही छोटी कामे आता लेझरनेही होतात. दवाखान्यात बहुधा डायोड लेझर असते. त्याची तरंगलांबी साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर. हा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन आणि त्वचेतले रंगद्रव्य शोषून घेतात. त्या उष्णतेने ऊती कापली जाते आणि बारीक रक्तवाहिन्या तिथेच मिटतात. म्हणून रक्त कमी, टाके बहुतेकदा नाहीत. भूल मात्र बहुधा लागते, कधी नुसती जेल, कधी सुई. मुलासकट सगळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

पण घाई नको. जिभेखालचा पडदा आखूड दिसला तरी बाळ नीट दूध पीत असेल, तर कापाकापीची गरज नसते. अडचण असल्यास आधी स्तनपानाचा सल्ला घ्यावा. कात्रीने केलेले कामही चांगलेच असते. लेझर महाग, म्हणून सरस, असे नाही.

मावळ तालुक्यात अंगणवाडी-शाळांमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते. तिथे तोंडही दाखवावे. लोणावळा लोकलने पिंपरी गाठली, की डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. लेझरची सोय आधी विचारून घ्यावी.

लेझरच्या कामानंतर जखमेवर पांढुरकी साय दिसते. तो पू नव्हे, खरवडू नये. काही दिवस मऊ, गार खाणे. चिक्की तेवढे दिवस डब्यातच. रक्त थांबेना किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.