नवा लॅपटॉप वारंवार नादुरुस्त होत असल्यास

एके काळी खेड्यातील घरात रेडिओ किंवा शिवणयंत्र आले, तर ती त्या घरची त्या वर्षातील मोठी खरेदी समजली जाई. आज ते स्थान पुष्कळ घरांत लॅपटॉपने घेतले आहे. मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण, शिक्षकांची निकालपत्रके, पंचायतीच्या कारकुनाचा पत्रव्यवहार, स्वयंसाहाय्य गटाचा जमाखर्च ही कामे या एका यंत्रावर अवलंबून असतात. त्यासाठी लागणारी रक्कम अनेक कुटुंबे हप्त्यांनी वा उसनवारीने उभी करतात. असे यंत्र पहिल्याच महिन्यात बंद पडले, दुरुस्त होऊन आले आणि पुन्हा त्याच कारणाने बंद पडले, तर ग्राहक हताश होतो. तो नशिबाला बोल लावून गप्प बसतो अथवा दुकानदाराशी हुज्जत घालून घरी परततो. दोन्ही मार्गांनी हाती काही लागत नाही.

वस्तुतः अशा ग्राहकाला कायद्याचे पुरेसे संरक्षण आहे. उणीव असते ती पुराव्याची. एकच दोष पुनःपुन्हा उद्भवणे हाच ग्राहकाच्या हातातील प्रबळ पुरावा होय. परंतु तो कागदावर आला तरच त्याचा उपयोग होतो. तो कागदावर कसा आणावा व कोणापुढे मांडावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

नवे यंत्र का बिघडते?

नवी वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू, असा आपला समज असतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या बाबतीत तो सर्वस्वी खरा नाही. लॅपटॉपमध्ये अनेक कारखान्यांत तयार झालेले शेकडो सुटे भाग एकत्र जोडलेले असतात. एखादा डाख कच्चा राहिला, एखादी स्मृतिपट्टी सदोष निघाली, तर तो दोष वापराच्या पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत प्रकट होतो. त्यानंतर बिघाडाचे प्रमाण घटते आणि यंत्र जुने झाल्यावर पुन्हा वाढते. म्हणूनच प्रारंभीच्या काळासाठी कंपनी वॉरंटी देते. या मुदतीतील दुरुस्ती हे उपकार नव्हेत. तिची किंमत ग्राहकाने खरेदीच्या वेळीच भरलेली असते.

दोष वारंवार उद्भवण्याचे मुख्य कारण म्हणजे लक्षणावर उपचार होतो, मूळ कारण तसेच राहते. उदाहरणार्थ, झाकण हलविताच पडदा काळा होत असेल, तर नवा पडदा बसविला जातो. परंतु खरा दोष बिजागरीतून जाणाऱ्या तारेत असू शकतो. यंत्र अचानक बंद पडत असेल, तर त्यातील प्रणाली नव्याने भरून दिली जाते. पण मूळ कारण पंखा, स्मृतिपट्टी किंवा मदरबोर्ड असू शकते. दुसरी अडचण अशी की, काही दोष सतत दिसत नाहीत. घरी दोन तासांच्या वापरानंतर तापून बंद पडणारे यंत्र वातानुकूलित सेवा केंद्रात अर्धा तास सुरळीत चालते आणि "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येते.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची दक्षता

पक्के बिल घ्यावे. त्यावर यंत्राचा प्रकार आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. खोक्यावरील व यंत्राच्या तळाशी असलेला नंबर तोच आहे हे ताडून पाहावे. खोके टाकून देऊ नये. उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हा तपशील वेष्टनावर असणे आवश्यक आहे. पुढे पत्र कोणाला पाठवावयाचे, हे त्यावरूनच कळते. वस्तू ऑनलाइन मागविली असल्यास खोके उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवणे इष्ट होय.

वॉरंटीची मुदत कोणत्या दिनांकापासून सुरू झाली, हे कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर देऊन तपासता येते. ती बिलाच्या दिनांकाशी जुळत नसेल, तर बिलाची प्रत पाठवून ताबडतोब दुरुस्त करून घ्यावी. पहिल्या आठवड्यात यंत्र भरपूर वापरावे. कळफलकाची प्रत्येक कळ, कॅमेरा, ध्वनी, बिजागरी, सर्व जोडण्या आणि बॅटरी तपासावी. परीक्षेनंतर वापरू म्हणून नवे यंत्र पेटीत ठेवून देणे अहितकारक आहे, कारण बदलून देण्याची विक्रेत्याची मुदत बहुधा काही दिवसांचीच असते.

दोष दिसताच काय करावे?

प्रथम दोष यंत्राचाच आहे याची खात्री करावी. दुसऱ्या खोलीतील किंवा शेजाऱ्याच्या घरातील सॉकेटला लावून पाहावे. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्याकडील पावसाळ्यात विजेचा दाब कमीअधिक होतो आणि दमट, खाऱ्या हवेने धातूचे भाग गंजतात. पाणी सांडणे, आदळणे, विजेचा झटका व गंज ही कारणे कंपन्या सामान्यतः वॉरंटीतून वगळतात. यास्तव यंत्र ओलीपासून दूर ठेवावे व मूळ अ‍ॅडॅप्टरच वापरावा. वॉरंटीच्या काळात खाजगी कारागिराकडून यंत्र उघडून घेऊ नये.

त्यानंतर दोष घडत असतानाचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. पडद्यावर काही संदेश आल्यास तो उतरवून घ्यावा. विक्रेत्यास त्याच दिवशी ई-मेलने किंवा पत्राने कळवावे. दूरध्वनीवरील संभाषण पुढे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून त्यानंतर त्याचा आशय दोन ओळींत लिहून पाठवावा व तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

सेवा केंद्रातील कागद

यंत्र दुरुस्तीस देताना जॉबशीट मिळते. तिच्यावर आपली तक्रार आपण सांगितली तशीच लिहिली आहे का, हे वाचल्याखेरीज सही करू नये. "चालत नाही" एवढे मोघम वाक्य पुरेसे नाही. "चार्जरला जोडलेले असताना सुमारे दोन तासांनी आपोआप बंद होते; ही तिसरी वेळ" अशी नोंद आग्रहाने करून घ्यावी. यंत्राच्या बाह्य स्थितीचीही नोंद असावी, म्हणजे पुढे ओरखडा वा तडा ग्राहकाच्या माथी मारला जाणार नाही. परत घेताना कोणता भाग बदलला, हे लिहून घ्यावे. "दोष आढळला नाही" असा शेरा असल्यास त्याचीही प्रत जपावी. असे तीन शेरे आणि प्रत्येक शेऱ्यानंतर काही दिवसांनी घेतलेले चित्रीकरण एकत्र ठेवल्यास, दोष शोधण्यात कसूर झाल्याचे दिसून येते.

यंत्र देण्यापूर्वी आपली कागदपत्रे व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. दुरुस्तीत माहिती पुसली गेल्यास कंपन्या बहुधा तिची जबाबदारी घेत नाहीत. बँकेचे संकेतशब्द यंत्रात साठवून ठेवू नयेत.

समजा, काणकोण तालुक्यातील एका शिक्षिकेने जूनमध्ये लॅपटॉप घेतला. जुलैत तो बंद पडला व नऊ दिवस सेवा केंद्रात राहिला. ऑगस्टमध्ये बारा दिवस, ऑक्टोबरात पुन्हा पंधरा दिवस. तिने एका वहीत दिनांक, दोष, जॉबशीट क्रमांक, बदललेला भाग, यंत्र हाती नसलेले दिवस आणि मडगावच्या फेऱ्यांचा खर्च असे सहा रकाने आखले. पाच महिन्यांत तीन वेळा एकच दोष आणि छत्तीस दिवस यंत्राविना, ही गोष्ट त्या एका पानावरून कोणासही क्षणात समजेल. अशी वही प्रत्येकाने ठेवावी. शाळा व कार्यालये यांनीही डेडस्टॉक रजिस्टरात यंत्राच्या नोंदीपुढे दुरुस्तीचा असा तपशील लिहावा. अधिकारी बदलून गेले तरी नोंद राहते.

कायद्यातील तरतुदी

ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार वस्तूच्या ठायी जो दर्जा असावयास हवा, त्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष, अशी त्यात व्यापक व्याख्या आहे. बिल न देणे, तसेच सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्याचे नाकारणे या गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. ऑनलाइन खरेदीही कायद्याच्या कक्षेत आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूस हे संरक्षण नाही. मात्र स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालविण्यासाठी यंत्र घेणारा ग्राहकच ठरतो.

कलम ३९ अन्वये आयोग दोष दूर करण्याचा, नवी निर्दोष वस्तू देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाई व खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्यावी. एकदा दुरुस्ती झाली म्हणजे संपूर्ण यंत्र बदलून मिळेलच, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारगाडीच्या प्रकरणात, वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची अट असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नाही. म्हणून "दुरुस्तीची वाजवी संधी वारंवार दिली, तरीही दोष गेला नाही" हे दाखविणे अगत्याचे ठरते. वहीतील पानाचे मोल येथे कळून येते.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे लेखी पत्र. ते विक्रेता व उत्पादक किंवा आयातदार या दोघांसही पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. नमुना असा:

"मी दिनांक ... रोजी बिल क्रमांक ... अन्वये ... या प्रकारचा, सीरियल नंबर ... असलेला लॅपटॉप आपणाकडून विकत घेतला. त्यात ... हा दोष दिनांक ..., ... व ... रोजी उद्भवला. जॉबशीटच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दुरुस्तीनंतरही दोष कायम असल्याने यंत्र बदलून द्यावे किंवा किंमत परत करावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल."

दुसरी पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. परंतु ती तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते.

तिसरी पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार येथे करावयाची असते. पाच लाख रुपयांपर्यंत शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारदार राहतो किंवा नोकरीधंदा करतो, त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे लॅपटॉप बेळगावात घेतलेला असो वा ऑनलाइन मागविलेला असो, गोव्यातील ग्राहकाला परगावी जाण्याचे कारण नाही. ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते.

दोष तपासणीशिवाय ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदारास भरावे लागू शकते. तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत व असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो, हे ध्यानात ठेवावे. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

मुदतीचे भान

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, असे कलम ६९ सांगते. "पुढच्या आठवड्यात भाग येईल" या आश्वासनांवर विसंबून पुष्कळ जणांची वॉरंटी संपते आणि ही मुदतही सरत येते. म्हणून दुसऱ्या दुरुस्तीनंतर तोच दोष दिसला, की लेखी पत्र पाठवावे. यंत्र हप्त्यांनी घेतले असल्यास रागाच्या भरात हप्ते थांबवू नयेत. कर्जाचा करार निराळा असतो आणि थकबाकीचा भार ग्राहकावरच पडतो.

बिल, खोके, जॉबशीट, पत्रांच्या प्रती आणि वही या पाच गोष्टी एका पिशवीत जपून ठेवण्यास खर्च काहीच येत नाही. गावातील शिक्षक व पंचायत कर्मचारी यांनी ही माहिती लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्राहकांपर्यंत पोचवावी आणि पत्र लिहून देण्यास त्यांना साहाय्य करावे. सेवा केंद्रातून कागद घेतल्याशिवाय परत न येण्याची सवय ज्या ग्राहकाने लावून घेतली, त्याचे गाऱ्हाणे कोणासही सहजासहजी उडवून लावता येणार नाही.