मूत्रपिंडविकारग्रस्त मांजराचा आहार

मूत्रपिंडविकारग्रस्त मांजराचा आहार म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार जडलेल्या मांजराला द्यावयाचे अन्न, पाणी व त्यासंबंधीची शुश्रूषा होय. हा विकार प्रामुख्याने उतारवयातील मांजरांत आढळतो. तो पूर्णतः बरा होत नाही. तथापि योग्य आहारामुळे त्याची गती मंदावते आणि मांजराचे आयुष्य अधिक सुसह्य होते. भूक मंदावणे हे याच विकाराचे लक्षण असल्याने, ज्या रुग्णाला विशिष्ट आहाराची गरज असते तोच अन्न नाकारतो, ही या शुश्रूषेतील मुख्य अडचण आहे.

विकाराचे स्वरूप

मूत्रपिंडे रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळून मूत्रावाटे बाहेर टाकतात. त्यांची कार्यक्षमता घटली, की मूत्र पातळ होते. मांजर वारंवार पाणी पिते व अधिक लघवी करते. पुढे युरिया, क्रिॲटिनीन व फॉस्फरस रक्तात साचतात. रक्तातील क्रिॲटिनीनच्या प्रमाणावरून ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने विकाराचे चार टप्पे ठरविले आहेत. दर डेसिलिटरमागे १.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण असल्यास पहिला, १.६ ते २.८ असल्यास दुसरा, २.९ ते ५.० असल्यास तिसरा आणि त्याहून अधिक असल्यास चौथा टप्पा मानला जातो. विशेष आहार साधारणतः दुसऱ्या टप्प्यापासून सुचविला जातो.

भूक मंदावण्याची कारणे

साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे मळमळ होते. अन्नाजवळ जाणे, हुंगणे, ओठ चाटणे आणि न खाता परतणे ही मळमळीची खूण असते. मांजर चोखंदळ झाले, असा तिचा चुकीचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तोंडातील व्रण, दातांचे दुखणे, शरीरातील पाणी कमी होणे, पोटॅशियमची कमतरता, रक्तक्षय व बद्धकोष्ठ ही अन्य कारणे होत. ती दूर केल्याविना केवळ अन्न बदलून लाभ होत नाही.

आहाराची तत्त्वे

या आहारात फॉस्फरस कमी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे असते. प्रथिने मर्यादित, पण उत्तम प्रतीची असावी लागतात. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याला प्राणिज अन्नातूनच मिळते. त्यामुळे प्रथिने फार घटविल्यास स्नायू झिजतात, आणि केवळ दूधभात वा दूधपोळीवर त्याचे पोषण होऊ शकत नाही. कोरड्या दाणेदार खाद्यात पाण्याचा अंश सुमारे १० टक्के, तर डबाबंद वा पाकिटातील ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के असतो. म्हणून ओले खाद्य श्रेयस्कर ठरते. स्वच्छ पाणी घरात अनेक ठिकाणी ठेवावे. पाणी कमी पाजल्याने लघवी आटोक्यात येईल, हा समज घातक आहे.

खाण्यास प्रवृत्त करण्याचे उपाय

अन्न कोमट केल्यास त्याचा गंध वाढतो. थोडे थोडे अन्न दिवसातून अनेकदा, उथळ ताटलीत व शांत जागी द्यावे. नवे खाद्य जुन्यात अल्प प्रमाणात मिसळून काही आठवड्यांत बदल पूर्ण करावा. मळमळ चालू असताना नवे खाद्य पुढे केल्यास मांजर त्या गंधाचा संबंध आजाराशी जोडते आणि पुढेही ते खाद्य नाकारते. बळजबरीने तोंडात अन्न कोंबल्यानेही अशीच तिटकाऱ्याची भावना निर्माण होते; शिवाय ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

पथ्याचे अन्न मांजर खातच नसेल, तर ते जे खाते ते देणे इष्ट ठरते. कारण उपासमारीचा धोका पथ्यभंगाहून मोठा असतो. काही दिवस अन्न पोटात न गेल्यास, विशेषतः स्थूल मांजरांत, यकृतात चरबी साचून जीवघेणा विकार उद्भवतो. अशा वेळी फॉस्फरस बांधून ठेवणारे औषध अन्नात मिसळण्याचा पर्याय पशुवैद्य सुचवू शकतात. मळमळ शमविणारे मॅरोपिटंट व भूक वाढविणारे मिर्टाझापीन यांचा उपयोगही त्यांच्याच देखरेखीखाली होतो. दीर्घकाळ अन्न न घेणाऱ्या मांजराच्या अन्ननलिकेत मानेतून नळी बसवून अन्न, पाणी व औषधे देता येतात.

वसई परिसरातील आहारसवयी

पालघर जिल्ह्यातील वसईच्या किनारपट्टीवर, तसेच महामार्गालगतच्या चिंचोटीसारख्या गावांत, मांजराला मासळीचे डोके, काटे वा सुकी मासळी घालण्याची रीत आहे. काटे व हाडे यांत फॉस्फरस विपुल असतो. सुके बोंबील व सुकट काट्याकवचांसह खाल्ली जात असल्याने ती या विकारात अयोग्य ठरतात. खारवलेल्या मासळीत मिठाचीही भर पडते. त्याऐवजी काटे काढलेली, बिनमिठाची उकडलेली ताजी मासळी किंवा कोंबडीचे मांस पथ्याच्या अन्नावर चवीपुरते घालता येते. कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करीत असल्याने कालवणातील तुकडे देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक आहे. माणसांची अन्य वेदनाशामके मूत्रपिंडांना अधिक इजा करतात.

मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय असून, त्याच परिसरात बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे.

देखरेख

मांजराचे वजन दर आठवड्याला लहान बाळांच्या काट्यावर करून नोंदवावे. ४ किलो वजनाच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे शरीराच्या ५ टक्के घट होय; माणसाच्या बाबतीत ती ६० किलोमागे ३ किलो इतकी ठरेल. संपूर्ण दिवस काहीही न खाणे, वारंवार उलटी होणे, मान खाली झुकणे किंवा लघवी बंद होणे ही तातडीने पशुवैद्याकडे नेण्याची लक्षणे आहेत. अंतिम टप्प्यात आहाराचा हेतू बदलतो. रक्ततपासणीतील आकड्यांपेक्षा मांजराला वेदना व मळमळ किती आहे, ते आवडीचे काही खाते का आणि स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते का, या बाबींना तेव्हा अधिक महत्त्व प्राप्त होते.