पत्त्यांच्या डावात हरलेला नोकर

पॅरिस, १९०८. एक इंग्रज सरदार पोकर खेळताना आपला खासगी सेवकच हरतो, आणि जिंकणारा असतो अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, भडक कपड्यांचा, मनमोकळा श्रीमंत. १९३५ साली पॅरामाउंटने काढलेल्या ‘रगल्स ऑफ रेड गॅप’ या बोलपटाची ही सुरुवात. हॅरी लिऑन विल्सन यांच्या कादंबरीवर त्याआधी मूकपट निघाले होते. पण ही गोष्ट बोलपटातच खरी खुलते, कारण तिची निम्मी गंमत उच्चारांत आहे.

चार्ल्स लॉटनचा रगल्स मालकाशेजारी बसायलाही बिचकतो. नवा मालक एग्बर्ट मात्र त्याला ‘कर्नल’ म्हणतो, आणि रेड गॅप गावाला तो खरोखरच लष्करी अधिकारी वाटू लागतो!

चित्रपटाचा प्राण आहे दारूच्या गुत्त्यातला प्रसंग. लिंकन गेटिसबर्गला काय बोलले, असा प्रश्न निघतो. एकाही अमेरिकनाला आठवत नाही. तेव्हा हा इंग्रज नोकर हलक्या आवाजात ते भाषण म्हणू लागतो आणि टेबलांवरची माणसं एकेक करून उठून त्याच्याभोवती जमतात. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी यांनी इथे कॅमेरा बराच वेळ ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर ठेवला आहे. विनोदी चित्रपटात इतकी शांतता पेलणं सोपं नव्हे.

रगल्स पुढे चाकरी सोडून स्वतःचं उपाहारगृह काढतो. आणि लॉटन? हा इंग्रज नट १९५० साली अमेरिकेचा नागरिक झाला.