चित्रामागचा आवाज : पिंगुळीपासून मोबाइलपर्यंत

एकामागून एक चित्रं दाखवायची आणि त्यांच्याबरोबर आवाज ऐकवायचा, हा उद्योग कोकणात संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत सादर करतात ती चित्रकथी याच जातीची. पिंगुळी आज सिंधुदुर्गात आहे.  एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. निवेदक एकेक चित्र समोर उभं करतो, हातातली वीणा छेडत कथा सांगतो, आणि साथीला हुडुक व टाळ असतात. गद्य निवेदन चालू असताना वाद्यं मागे सरतात, पद सुरू झालं की पुढे येतात. चित्र किती वेळ समोर ठेवायचं हे कथेच्या गतीवर आणि समोर बसलेल्या माणसांवर ठरतं. आज आपण ज्याला ‘मिक्सिंग’ म्हणतो ते सगळं इथे आहे. फक्त ते करणारा माणूस चित्राकडे आणि श्रोत्यांकडे एकाच वेळी पाहत असतो. या परंपरेच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा चर्चा चित्रांची आणि कळसूत्री बाहुल्यांची झाली. आवाजाच्या त्या शहाणपणाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

चित्रं पडद्यावर गेली तरी ही जिवंत साथ टिकली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये शांभरिक खरोलिकेचे प्रयोग सुरू केले. काचेवर हातांनी रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडत, आणि निवेदन व गाणी तिथल्या तिथे होत. पुढे मूकपट आले, त्यांनाही वादक पडद्याशेजारी बसून साथ करत. साधन कागदाचं असो, काचेचं असो की फितीचं, आवाज त्या क्षणी जन्माला येत होता, म्हणून चित्र अडखळलं तर आवाजही त्याच्यासाठी थांबू शकत होता.

ही सोय ध्वनिमुद्रणाने गेली. कॅसेट १९६३ मध्ये आली, स्लाइड प्रोजेक्टरही त्याच सुमारास घट्ट रुजला, आणि चित्रं एका यंत्रात, आवाज दुसऱ्या यंत्रात अशी विभागणी झाली. नीट काम करणारे लोक फितीवर चित्र बदलण्याचे संकेतही टाकत. बाकीचे सुरुवातीलाच एक गाणं लावून देत आणि चित्रं संपेपर्यंत ते चालू ठेवत. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, पण ही सवय थांबली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातली चित्रफीत, साठीशांतीचा ‘फोटो व्हिडिओ’, श्रद्धांजलीची फीत, मंडळाच्या देखाव्याचं निवेदन, सगळीकडे संगीत पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत एकाच पातळीवर वाजत राहतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, आपण उत्तम साधनं मिळवली आणि साथ करणं मात्र सोडून दिलं.

अशा एकाच पातळीवरच्या संगीताखाली निवेदनाचे शब्द हरवतात, आणि त्याचं कारण कानाशी निगडित आहे. बोलण्यातला अर्थ मुख्यतः व्यंजनांतून कळतो आणि स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी ऊर्जा वरच्या कंपनसंख्यांत, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे असते. टाळ-झांजांची धारही तिथेच. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून मृदंगाचा घुमारा जवळजवळ ऐकूच येत नाही, उरते ती झांज, आणि ती नेमकी निवेदनावर येऊन बसते. म्हणून हेडफोन लावून तयार केलेली फीत सभागृहात किंवा मोबाइलवर गढूळ वाटते. वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेसाठी २००८ मध्ये ठरलेल्या निकषांत, बोलण्याखालचं पार्श्वसंगीत किमान २० डेसिबलने खाली असावं असं म्हटलं आहे. कानाला ते साधारण चौपट हळू वाटतं. संगणकाच्या पडद्यावर संगीताच्या आवाजाची पट्टी इतकी खाली ओढताना संगीत ‘गेलंच की’ असं वाटतं, पण ऐकणाऱ्याला तेव्हाच शब्द मिळतात. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचा विचार केला, तर हा आकडा चैनीचा राहत नाही.

यावर कुणी म्हणेल की लोकांना गाणंच हवं असतं, शब्द कुणाला हवेत? हे अर्धं खरं आहे. निवेदन नसलेल्या फितीत गाण्याला मोकळं सोडावं, तिथे ते मुख्य पात्र आहे. पण निवेदन ठेवायचं आणि त्याच्यावर शब्दांचं गाणं वाजवायचं, यात दोघांचाही अपमान होतो, कारण कानाला एका वेळी दोन वाक्यं धरता येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : जिवंत साथ करणारा माणूस आता कुठून आणायचा? आणायची गरज नाही. त्याचं काम आजचं सॉफ्टवेअर करू देतं. निवेदन सुरू झालं की संगीत उतरवणं, वाक्य संपल्यावर हळूच चढवणं, दोन चित्रांमध्ये क्षणभर काहीच न वाजवणं, हे सगळं पट्टीवर चार-दोन खुणा करून होतं. कमी पडते ती त्या खुणा कुठे करायच्या हे ठरवणारी नजर, आणि ती चित्रकथी ऐकून तयार होऊ शकते.

ध्वनिपरिणामांबाबत तर आपण फारच उधळे झालो आहोत. रत्नागिरीतल्या भाट्ये किनाऱ्याच्या फोटोवर लाटांचा आवाज, रत्नदुर्गाच्या फोटोवर तुतारी. चित्र जे सांगतंच आहे तेच आवाजाने पुन्हा सांगितलं, तर त्यातून काही वाढत नाही. परिणाम चौकटीबाहेरचं आणतो तेव्हा त्याचं चीज होतं. मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या रिकाम्या टोपल्यांचं चित्र घ्या आणि मागे लिलावाचा गलका ठेवा : बंदर दिसत नसलं तरी उभं राहतं. आंब्याच्या जुन्या बागेच्या फोटोमागे लाकडी पेटीवर ठोकल्या जाणाऱ्या खिळ्यांचा आवाज आला की हंगाम कळतो. हे आवाज इंटरनेटवरच्या तयार संग्रहात क्वचितच सापडतील, आणि ज्या गावात ते अजून ऐकू येतात तिथल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे.

म्हणून पुढच्या स्नेहसंमेलनाची फीत तयार करणाऱ्यांना एक विनंती : आधी निवेदन ध्वनिमुद्रित करा, मग गावातले आवाज गोळा करा, आणि गाण्याची पट्टी सगळ्यात शेवटी टाका.