अणुभट्टी, कारखाना आणि शेअरचा भाव

व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने भर चौकात विचारले, "काय भाऊ, युनियनचा झेंडा खाली ठेवून दलाल स्ट्रीटवर दुकान थाटले की काय?" श्रोत्यांपैकीही काहींच्या मनात ही शंका असेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. अमुक शेअर घ्या, तमुक विका, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि हौसही नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. ताळेबंद वाचायला आम्ही शिकलो तो बोनसच्या भांडणापायी. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस पुढे ८.३३ टक्क्यांवर आला आणि कमाल २० टक्के ठरला. या दोन आकड्यांमध्ये कामगाराच्या पदरात किती पडायचे, हे 'वाटपयोग्य शिल्लक' नावाच्या एका रकमेवर ठरायचे. ती रक्कम मालकाच्या हिशेबनिसाला जेवढी कळे तेवढी आम्हांला कळली नाही, तर वाटाघाटीच्या टेबलावर आमची अवस्था बाजारात गेलेल्या लहान पोरासारखी होई. म्हणून आम्ही रात्री जागून ताळेबंद वाचले. त्यातूनच पुढे शेअरचा भाव कां चढतो आणि कां पडतो, याचा नाद लागला.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ऑगस्ट २०१५ पासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीत दरवर्षी नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग शेअरबाजारात जाऊ लागला. प्रथम ५ टक्के, पुढच्या वर्षी १०, आणि २०१७ पासून १५ टक्के. हा पैसा सेन्सेक्स आणि निफ्टी यांच्या निर्देशांकांतील कंपन्यांत विभागून गुंतवला जातो. त्या कंपन्यांत लार्सन अँड टुब्रो आहे. म्हणजे ज्या कामगाराने जन्मात शेअरबाजाराची पायरी चढली नाही, तोही आपल्या नकळत या कंपनीचा चिमूटभर धनी झालेला आहे. मालकाला ताळेबंद कळावा आणि धन्याला कळू नये, हा न्याय कुठला?

गेल्या वर्षी एका गेटसभेनंतर बोअरिंग मशीनवरचे आमचे एक नाना बाजूला येऊन उभे राहिले. निवृत्तीला थोडे महिने उरलेले. खिशातून फोन काढून म्हणाले, "भाऊ, सरकारने अणुविजेचे एवढे मोठे जाहीर केलेय. मुलगा म्हणतो, ग्रॅच्युइटीचे पैसे आले की सगळे लार्सनमध्ये टाका. टाकू का?" आम्ही म्हणालो, "नाना, आधी आपण दोघे मिळून वाचू, मग तुम्ही ठरवा." त्या वाचनात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ही कंपनी कुणाची, कशी, हे थोडक्यात. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनियर सिमेंटची यंत्रसामग्री बनविणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी भागीदारी सुरू केली. १९४६ मध्ये तिची कंपनी झाली. पवईचा कारखाना मुंबईकरांना ठाऊक आहे. सुरतेजवळ हजिऱ्याला खाडीकाठी दुसरा अवजड कारखाना आहे, तेथून शेकडो टनांचे नग थेट तराफ्यावर चढवता येतात. अणुभट्टीचे भाग ही कंपनी अनेक दशके करीत आली आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय प्रयोगासाठी सुमारे ३,८५० टनांचे प्रचंड शीतपात्र हजिऱ्यालाच घडले आणि त्याचा शेवटचा भाग २०२० साली रवाना झाला.

हे काम कसे असते, ते ज्यांनी कधी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. कारण सगळ्या गणिताचे मूळ तेथे आहे. भट्टीतील उष्णता घेऊन पाण्याची वाफ करणारे एक उभे यंत्र असते, त्याला बाष्पजनित्र म्हणतात. ७०० मेगावॅटच्या आपल्या देशी, जड पाण्याच्या भट्टीला अशी चार लागतात. प्रत्येकाच्या पोटात हजारो बारीक नळ्या. त्या नळ्या ज्या जाड पोलादी चकतीत बसवायच्या, तिला कामगार ट्यूबशीट म्हणतात. तिच्यात हजारो भोके आरपार पाडायची. हजारातले एक भोक केसभर वाकडे गेले, तर चार-सहा महिन्यांची मेहनत आणि कोट्यवधींचे पोलाद पणाला लागते. प्रत्येक जोड वेल्ड करायचा, त्याचा एक्स-रे काढायचा, खोट निघाली तर खरवडून पुन्हा करायचा, आणि कोणत्या वेल्डरने कोणता जोड कोणत्या दिवशी केला याची नोंद जपून ठेवायची. असा एक नग पुरा व्हायला वर्षे लागतात. हातखंडा वेल्डर तयार व्हायलाही वर्षेच लागतात. शेअरचा भाव मात्र बातमी येताच दुपारपर्यंत चढलेला असतो.

या कंपनीकडे अणुविजेच्या चष्म्यातून पाहणाऱ्या गुंतवणूकदारांत आम्हांला ठळक दोन तट दिसले. एक तट म्हणतो, पोलाद घडविण्यापासून बाष्पजनित्रापर्यंत आणि भट्टीच्या इमारतीच्या बांधकामापर्यंत सगळे एकाच छत्राखाली करणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. देश अणुविजेकडे वळला की या कंपनीला पर्याय नाही. दुसरा तट म्हणतो, असेलही. पण २०२४-२५ मध्ये कंपनीची एकूण उलाढाल अडीच लाख कोटी रुपयांच्या वर होती आणि हातातील मागण्या पावणेसहा लाख कोटींच्या वर. तिच्यात रस्ते, मेट्रो, आखाती देशांतील तेल-वायूचे प्रकल्प, संगणक सेवा सारे आले. समजा, उद्या अणुभट्टीच्या भागांची ५०० कोटींची मागणी आली. वर्तमानपत्रात ठळक मथळा येईल. पण ती रक्कम वर्षाच्या उलाढालीच्या हजारात दोन भाग! त्या मथळ्यासाठी जो जास्त भाव देतो, तो प्रत्यक्षात आखाताच्या तेलाला आणि मेट्रोच्या खांबांना भाव देत असतो.

आम्हांला दुसऱ्या तटाचे गणित पटते, पण पहिल्याची गोष्टही खोटी नाही. गफलत होते ती काळाच्या हिशेबात. तो हिशेब इतिहासाने आपल्यापुढे मांडूनच ठेवला आहे.

६ सप्टेंबर २००८ रोजी अणुसाहित्य पुरवठादार देशांच्या गटाने हिंदुस्थानला सूट दिली आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेशी करारावर सह्या झाल्या. चौतीस वर्षांचे बहिष्कृतपण संपले. अणुविजेच्या दृष्टीने याहून शुभ बातमी कोणती? पण मधल्या १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळे काढले. जानेवारीत एकवीस हजारांना स्पर्श केलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर एकदा आठ हजारांखाली आला, आणि त्या पडझडीत इंजिनियरिंगचे शेअरही वाहून गेले. आमच्या ओळखीच्या एका टर्नरने स्वेच्छानिवृत्तीची रक्कम त्या वर्षाच्या आरंभी एका इंजिनियरिंग कंपनीत 'अणुकरार होणार' म्हणून घातली होती. करार झाला आणि त्याची रक्कम अर्ध्याहून खाली आली. घरात मुलीचे लग्न ठरलेले. त्याने तोट्यात विकले. भाकीत खरे ठरूनही माणूस बुडतो, हे आम्ही तेव्हा प्रथम पाहिले.

पुढे २००९ साली लार्सनने अमेरिकेची वेस्टिंगहाउस, कॅनडाची एईसीएल, रशियाची ॲटमस्ट्रॉयएक्स्पोर्ट आणि जीई-हिताची अशा चौघांशी सहकार्याचे मसुदे केले. त्याच वर्षी सरकारी अणुवीज महामंडळाशी ७४ आणि २६ टक्क्यांच्या भागीदारीत हजिऱ्याला अवजड पोलाद घडविण्याचा कारखाना काढण्याचे ठरले. कारखाना उभा राहिला, पण भट्ट्यांच्या मागण्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, आणि भांडवल खाऊन बसलेली ती यंत्रे पुष्कळ काळ पुरेशा कामाविना राहिली. २०१० साली संसदेने अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा केला. त्यात भट्टी चालविणाऱ्यावर १,५०० कोटींची जबाबदारी ठेवली आणि सदोष माल पुरविणाऱ्यावर उलट दावा करण्याची वाटही ठेवली. भोपाळच्या खटल्याचा निकाल त्याच वर्षी जूनमध्ये लागला होता, हे विसरू नका. पंचवीस वर्षांनी लागलेल्या त्या निकालाने देश संतापला होता. परदेशी पुरवठादार या कलमाला बिचकले, देशी पुरवठादारही बिचकले. मग ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा घडले. आपल्या कोकणात जैतापूरविरोधी आंदोलनात पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. फ्रेंच बनावटीच्या ९,९०० मेगावॅटचे ते नियोजित केंद्र २०२५ अखेर कागदावरच होते. अमेरिकेशी झालेल्या त्या करारानंतर अमेरिकन बनावटीची एकही नवी भट्टीही तोवर आपल्याकडे सुरू झाली नव्हती.

खरे काम आले ते देशी भट्ट्यांचे. मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या. एकेकट्या भट्टीपेक्षा दहांची माळ कारखान्याला फार सोयीची. एकदा बनवलेले साचे आणि शिकलेले हात पुन्हा वापरता येतात. तरीही वेळ लागतोच. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचे पहिले काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडले आणि तिची वीज व्यापारी तत्त्वावर जून २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. साडेबारा वर्षे!

परदेशात याहून बरे आहे असा कोणाचा समज असेल, तर तोशिबाची कथा ऐका. या जपानी इंजिनियरिंग कंपनीने २००६ साली सुमारे ५४० कोटी डॉलर देऊन वेस्टिंगहाउस घेतली. अणुयुग परत येत आहे, अशी तेव्हा जगभर हाकाटी होती. अमेरिकेत जॉर्जिया आणि साऊथ कॅरोलिना या दोन राज्यांत प्रत्येकी दोन भट्ट्यांची कामे निघाली. खर्च वाढत गेला, मुदती हुकत गेल्या, आणि मार्च २०१७ मध्ये वेस्टिंगहाउसने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलैअखेर साऊथ कॅरोलिनातील काम अर्ध्यावर सोडून दिले गेले आणि तेथील पाच हजारांवर कामगार एका दिवसात घरी बसले. जॉर्जियातील भट्ट्या २०२३ आणि २०२४ साली सुरू झाल्या खऱ्या, पण खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेला. तोशिबाला तोटा भरून काढण्यासाठी आपला स्मृतिचिपांचा किफायतशीर धंदा विकावा लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिचा शेअर तोक्योच्या बाजारातून नाहीसा झाला. तेथील इंजिनियर अडाणी होते कां? मुळीच नाही. ठराविक किंमतीत बांधून देण्याचा शब्द आणि अपुरे आराखडे, या दोहोंनी त्यांना खाल्ले.

आता अलीकडचे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुविजेचे लक्ष्य आणि लहान भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाई कायदा दोन्ही बाजूला सारून नवा कायदा केला. खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि पुरवठादारावरील ते जुने कलम गेले. भागधारकांना याचा आनंद झाला. आम्हांला तसा झाला नाही. सदोष मालाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न भोपाळच्या देशात शेअरच्या भावावरून सुटू नये, असे आमचे मत आहे, आणि ते श्रोत्यांना पटलेच पाहिजे असा आग्रह नाही.

पण लक्ष्याचे गणित मात्र आपण सर्वांनी करून पाहावे. तारापूर १९६९ साली सुरू झाले. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या छपन्न वर्षांत आपण सुमारे ८,८०० मेगावॅट उभे केले; वर्षाला सरासरी दीडशेच्या आसपास. उरलेल्या बावीस वर्षांत एक लाखाला पोचायचे, तर वर्षाला चार हजारांवर, म्हणजे दरवर्षी ७०० मेगावॅटच्या सहा भट्ट्या सुरू व्हायला हव्यात. अर्धे जरी झाले तरी कारखान्यांना काम पुरून उरेल, हे खरे. पण शेअर घेणाऱ्याने आणखी एक त्रैराशिक मांडावे. वर्षाला १२ टक्के परतावा हवा असेल, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ३२ रुपये, आणि पंधरा वर्षांनी मिळणाऱ्यांची १८. भट्टी पाच वर्षे लांबली की जवळजवळ निम्मी किंमत गळाली, आणि नफ्यातला एक पैसाही कुणी चोरलेला नसतो! शिवाय आजवर गिऱ्हाईक मुख्यतः एकच, सरकारी महामंडळ. एकाच गिऱ्हाइकाचा दुकानदार कितीही कसबी असो, भाव आणि वेळ गिऱ्हाईकच ठरवते.

या लांबणीचा भार कुणावर पडतो, तेही पाहा. फंडवाला एका दुपारी विकून दुसरीकडे जातो. कारखान्यात मात्र दोन मागण्यांच्या मधल्या दुष्काळात कंत्राटी वेल्डर सुटतात आणि आखातात जातात, आणि पुढची मागणी आली की नवे हात पुन्हा पहिल्यापासून घडवावे लागतात. त्याचा खर्चही शेवटी नफ्यातूनच जातो. ही बाब भाव ठरविणाऱ्यांच्या टिपणांत आम्हांला क्वचितच दिसली. वस्तुतः २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदलेल्या कंपन्यांना वार्षिक अहवालात कायम कामगार किती, बिगरकायम किती, हे आकडे वेगळे द्यावे लागू लागले. पाने उलटायची तसदी घेतली की ते सापडतात.

नानांसोबत आम्ही तीन रविवार बसलो. पहिल्या रविवारी ते भावाचा आलेख दाखवीत होते, दुसऱ्या रविवारी मागण्यांची वही कोणत्या विभागाची किती ते विचारू लागले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "भाऊ, माझे वय अठ्ठावन्न. भट्टी सुरू होईतो मी सत्तरीत." ग्रॅच्युइटीचा मोठा भाग त्यांनी पोस्टात ठेवला. थोडे पैसे मुलाच्या हट्टासाठी बाजारात घातले, आणि कामगारांच्या आकड्यांचे ते पान छापून घेऊन आमच्या युनियनच्या कचेरीतील फळ्यावर स्वतःच्या हाताने लावले.