शाळेचा पैसा कोठून येतो?

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे जळकोट हे गाव लागते. ते धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात आहे. या जिल्ह्याचे नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होते.

समजा, पावसाळ्यात तेथील जिल्हा परिषद शाळेची एक खोली गळू लागली. मुलांना व्हरांड्यात बसावे लागले. आता हे छत दुरुस्त कोण करणार? गुरुजी, सरपंच की मुंबईचे सरकार?

आधी ही शाळा कोण चालवते, ते पाहू. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेड्यांतील प्राथमिक शाळा चालवणे हे त्यांचे एक मोठे काम आहे. मराठी माध्यमाप्रमाणे उर्दू माध्यमाच्या शाळाही त्या चालवतात. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी असतात. तालुक्याच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी असतात. जवळपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र होते. त्यावर केंद्रप्रमुख देखरेख करतात. शाळेचा कारभार मुख्याध्यापक पाहतात.

आता पैशाचे पाहू. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न थोडे असते. सर्वांत मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. तो राज्य सरकारच्या अनुदानातून होतो. २०१८ पासून 'समग्र शिक्षा' ही योजना चालू आहे. तिच्यात महाराष्ट्रासाठी दर १०० रुपयांपैकी ६० रुपये केंद्र सरकार देते व ४० रुपये राज्य सरकार देते. दुपारच्या जेवणाचा खर्चही ही दोन्ही सरकारे मिळून करतात.

पण सरकारकडे पैसा येतो कोठून? तो आपण भरलेल्या करांतून येतो. तुमची अम्मी दुकानातून साबण आणते, त्याच्या किमतीतही कर असतो. मजूरही कर देतो आणि व्यापारीही देतो. म्हणून सरकारी शाळेतील शिक्षण ही खैरात नव्हे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचा तो हक्क आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांना असतात. शाळेला काय हवे, याचा आराखडा ही समिती तयार करते.

आता गळक्या छताकडे वळू. समितीने ठराव करावा. मुख्याध्यापकांनी तो केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याला पाठवावा. मग जिल्हा परिषदेचे अभियंता खर्चाचा अंदाज काढतात आणि जिल्ह्यातून मंजुरी मिळते. याला वेळ लागतो. कधी पुन्हा पुन्हा विचारावेही लागते. पण पहिला कागदच लिहिला नाही, तर पुढचे कोणीच हलत नाही.

तुमच्या गावातील सरकारी शाळेच्या समितीत कोण कोण आहे? पुढची सभा कधी आहे? उद्या शाळेत विचारा आणि घरी अम्मी-अब्बांना सांगा.