विश्लेषण : क्राइम थ्रिलरचे ट्रेलर एकसारखेच का वाटतात? त्यात प्रेक्षकाची फसवणूक होते का?

सन २०११. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका महिलेने 'ड्राइव्ह' हा चित्रपट पाहिला आणि थेट न्यायालय गाठले. रायन गॉसलिंगची मुख्य भूमिका असलेल्या या गुन्हेपटासाठी दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफ्न यांना त्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला होता. तक्रारदार महिलेला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. ट्रेलर पाहून तिला वाटले होते, की हा 'फास्ट अँड फ्युरियस'सारखा सुसाट गाड्यांचा चित्रपट असणार. प्रत्यक्षात गाड्या पळवण्याचे प्रसंग मोजकेच. बाकी लांबलचक शांतता आणि मध्येच अंगावर येणारा हिंसाचार. वितरक आणि चित्रपटगृह या दोघांनी आपल्याला फसवले, असे तिचे म्हणणे होते. या दाव्याची तेव्हा बरीच टिंगल झाली. मात्र त्यामागचा प्रश्न टिंगलीचा नाही. ट्रेलरमधली दृश्ये चित्रपटातलीच होती. मग त्या महिलेला त्यात दुसराच चित्रपट कसा दिसला?

शब्द ओळखीचे, वाक्य अनोळखी

याचे उत्तर शोधायला चित्रपट अभ्यासक रिक ऑल्टमन यांची १९८४ मधील मांडणी उपयोगी पडते. कोणत्याही चित्रप्रकाराचे, म्हणजे इंडस्ट्रीच्या भाषेत 'जॉनर'चे, दोन थर असतात, असे ते सांगतात. पहिला थर ओळखीच्या वस्तूंचा, माणसांचा आणि जागांचा. पिस्तूल, पाऊस, पोलीस ठाणे, निर्जन रस्ता. हा झाला त्या प्रकाराचा शब्दसंग्रह. दुसरा थर म्हणजे या गोष्टी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, म्हणजेच वाक्यरचना. खून कोणी केला, का केला, त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या रचनेतून कळते.

ट्रेलरकडे साधारण अडीच मिनिटे असतात. त्यात वाक्य पूर्ण करायला वेळ नसतो. रहस्यपटाला तर ते परवडतही नाही, कारण वाक्यातला शेवटचा शब्द म्हणजे खुन्याचे नाव. त्यामुळे ट्रेलर फक्त शब्द समोर फेकतो आणि वाक्य प्रेक्षक स्वतःच्या सवयीने तयार करतो. गाडी, रात्र, चालकाचे कातडी हातमोजे, पोलिसांचा सायरन एवढे दिसल्यावर मिशिगनच्या त्या महिलेने आधी पाहिलेल्या चित्रपटांच्या आधारे एक वाक्य बनवले. ते चुकले. एकही खोटे दृश्य न वापरता ट्रेलर दिशाभूल करू शकतो, तो असा.

ठरलेल्या खुणा कोणत्या?

गेल्या काही वर्षांतले कोणतेही चार थरारपटांचे ट्रेलर लागोपाठ पाहा. सुरुवातीला हसते-खेळते घर, वाढदिवस किंवा सहल. मग फोन वाजतो. कोणीतरी घरी परतलेले नसते. पडदा काळा होतो. त्यानंतर थकलेल्या डोळ्यांचा अधिकारी, भिंतीवर लाल दोऱ्याने जोडलेले फोटो, सीसीटीव्हीचे धुरकट चित्र, पाठमोरी आकृती. मधूनमधून पडद्यावर प्रश्नाचे शब्द. शेवटच्या तीस-चाळीस सेकंदांत दृश्ये इतक्या वेगाने बदलतात, की एकही नीट दिसत नाही. नाव झळकते, आणि ट्रेलर संपला असे वाटत असतानाच आणखी एक छोटा प्रसंग येतो. एखादे दार उघडते, नाहीतर कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघून हसते.

यातल्या प्रत्येक खुणेला काम नेमून दिलेले असते. दाढी वाढलेला, झोप न झालेला अधिकारी दिसला, की प्रकरण सरळ नाही आणि त्याच्या घरीही काही धड नाही, हे दोन सेकंदांत समजते. भारतीय ट्रेलरमध्ये यात 'वरून आलेल्या फोन'ची भर पडते. पोलीस तपासावर दबाव असतो, हे आपल्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. चौकशीची खोली तर ट्रेलर कापणाऱ्या संकलकासाठी सोन्याची खाण. तिथे माणसे एकमेकांना प्रश्नच विचारत असतात आणि ट्रेलरला प्रश्नच हवे असतात. उत्तर येण्याआधी कात्री चालवली की झाले.

काळ्या पडद्याचा फायदा दुहेरी. हातोडा उगारला जातो, पडदा काळा होतो, पुढचे प्रेक्षक मनात पूर्ण करतो. शिवाय प्रत्यक्ष रक्त न दिसल्याने प्रमाणपत्राची अडचणही कमी होते. चित्रपटगृहात ट्रेलर दाखवायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. यूट्यूबवर टाकलेल्या ट्रेलरला ही पूर्वअट नाही.

अर्थात, सगळ्याच खुणा नेहमीच्या असतील तर ट्रेलर गर्दीत हरवतो. म्हणून चांगला ट्रेलर बाकी सारे ओळखीचे ठेवून एकच गोष्ट उलटी करतो. सुजॉय घोष यांच्या 'कहानी'मध्ये (२०१२) हरवलेला नवरा आणि अनोळखी शहर जुनेच होते. शोध घेणारी बाई गरोदर होती, हे नवे. पुण्यात घडणाऱ्या श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'मध्ये (२०१८) खून आहे, पैसा आहे, विवाहबाह्य संबंध आहेत. आणि त्या सगळ्यात सापडलेला पियानोवादक अंध म्हणून वावरणारा. एवढ्या एका विसंगतीवर तिकीट काढावेसे वाटते.

निम्मे काम आवाजाचे

ट्रेलर आवाज बंद करून पाहिला तर भीती निम्म्याहून अधिक ओसरते. घड्याळाची टिकटिक, हृदयाचे ठोके, धापा टाकणारा श्वास आणि मग अचानक शांतता, हा क्रम जुना आहे. २०१० मध्ये 'इन्सेप्शन'च्या ट्रेलरमध्ये भोंग्यासारखा खर्जातला घणाघाती आवाज ऐकू आला आणि नंतरच्या कित्येक वर्षांत तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या ट्रेलरमध्ये घुमला.

त्याच वर्षी 'द सोशल नेटवर्क'च्या ट्रेलरने दुसरी एक प्रथा रुजवली. रेडिओहेड या बँडचे 'क्रीप' हे गाणे त्यात मुलींच्या समूहस्वरात, संथ लयीत वाजते. तेव्हापासून ओळखीचे गाणे रेंगाळत, थंड आवाजात गाऊन घेणे हा ट्रेलरवाल्यांचा हमखास उपाय झाला. याचा सर्वात चपखल वापर याच चित्रपटाचे दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांच्या 'गॉन गर्ल'च्या (२०१४) पहिल्या ट्रेलरमध्ये दिसतो. 'नॉटिंग हिल'मुळे भारतीयांनाही परिचित असलेले शार्ल अझनावूर यांचे 'शी' हे प्रेमगीत वाजत असते आणि समोर बेपत्ता पत्नीचा शोध सुरू असतो. गाणे प्रेमाचे, दृश्ये संशयाची. नवऱ्यानेच काही केले असावे, हा ग्रह प्रेक्षक करून घेतो. चित्रपटाच्या मध्यावर येणाऱ्या कलाटणीचा मात्र त्यात पत्ताही लागत नाही.

हिचकॉक यांनी सगळे सांगितले, तरी...

लपवण्याच्या या कलेत आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको'चा (१९६०) ट्रेलर आजही वेगळा उठून दिसतो. सहा मिनिटांहून मोठ्या या ट्रेलरमध्ये चित्रपटातली दृश्ये जवळपास नाहीतच. खुद्द हिचकॉक एखाद्या वाड्याची माहिती देणाऱ्या गाइडसारखे मोटेल आणि मागचे घर फिरवून दाखवतात. जिना दाखवतात, न्हाणीघरात नेतात, इथे काय भयंकर घडले म्हणून हळहळतात. शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन बाजूला होतो आणि बाई किंचाळते. गंमत अशी, की ती अभिनेत्री चित्रपटात त्या जागी असलेली जॅनेट ली नव्हे, तर व्हेरा माइल्स. खून कुठे होणार हे हिचकॉक यांनी सांगून टाकले; कोणाचा होणार, हे नाही. नायिका इतक्या लवकर मरू शकते, हे प्रेक्षकांच्या सवयीच्या वाक्यात बसतच नव्हते.

फिंचर यांच्याच 'सेव्हन'मध्ये (१९९५) केव्हिन स्पेसी यांचे नाव प्रसिद्धीतून आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीतूनही वगळले होते. कारण साधे होते. नावाजलेला नट यादीत आहे आणि अर्धा चित्रपट सरला तरी दिसत नाही, म्हणजे खुनी तोच, एवढे गणित प्रेक्षक सहज मांडतो.

रीमा कागती यांच्या 'तलाश'चे (२०१२) उदाहरण 'ड्राइव्ह'च्या जास्त जवळ जाते. (चित्रपट पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद वगळावा.)

मुंबईत समुद्रात कोसळलेली मोटार, त्यात मेलेला अभिनेता आणि आमिर खान तपास अधिकारी. प्रसिद्धीतला सारा शब्दसंग्रह पोलिसी तपासाचा होता. उत्तर मात्र भुताचे निघाले. काहींना हा धक्का भावला. पुरावे जुळवत बसलेल्या काहींना मात्र खेळाचे नियम मध्येच बदलल्यासारखे वाटले. खुनी ओळखता आला नाही, याचा प्रेक्षकाला राग येत नाही. ज्या प्रकारचे कोडे म्हणून सांगितले, त्या प्रकारचे ते नव्हते, याचा येतो.

मराठीत हीच ओढाताण 'मुळशी पॅटर्न'च्या (२०१८) निमित्ताने दिसली. टोळी, हत्यारे, गुंडाचा रुबाब हा गुन्हेपटाचा शब्दसंग्रह तिथेही ठळक होता. प्रवीण तरडे यांच्या या चित्रपटाचे वाक्य मात्र जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या घरातून सुरू होते. प्रसिद्धीतून रुबाब तेवढा लक्षात ठेवणाऱ्याला त्यातला बाप आणि त्याची गेलेली जमीन चित्रपटगृहातच भेटते.

रहस्य सगळ्यांना माहीत असेल तर?

अशी पंचाईत 'दृश्यम २'च्या (२०२२) निर्मात्यांपुढे होती. निशिकांत कामत दिग्दर्शित पहिल्या हिंदी 'दृश्यम'मध्ये (२०१५) गोव्यातल्या विजय साळगावकरने काय केले, हे प्रेक्षकांना पाठ होते. २ ऑक्टोबरच्या सत्संगाचे विनोद दरवर्षी मोबाइलवर फिरतात. निर्मात्यांनी तेच हत्यार केले. प्रसिद्धीची सुरुवात हॉटेलचे जुने बिल, बसची तिकिटे, सिनेमाची तिकिटे आणि सत्संगाची सीडी यांच्या छायाचित्रांनी झाली. टीझरच्या अखेरीस विजय कॅमेऱ्यासमोर कबुलीजबाब द्यायला बसलेला दिसतो. गुन्हेपटात कबुली म्हणजे शेवट. इथे तिच्यापासून जाहिरात सुरू झाली आणि 'तो खरेच कबूल करणार का' हा नवा प्रश्न हातात आला.

ट्रेलर फार सांगतात, ही तक्रारही नेहमीचीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटाच निष्कर्ष निघाला होता. शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथा, अगदी रहस्यकथाही, वाचकांना सरासरी अधिक आवडल्या. पण तिथे कोणी तिकिटाला पैसे मोजले नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

मोबाइलमुळे काय बदलले?

ट्रेलर आता बहुतेकांना प्रथम भेटतो तो हातातल्या फोनवर. सुरुवातीचे शांत घर तिथे टिकत नाही, बोट लगेच पुढे सरकते. म्हणून कित्येक ट्रेलरच्या आधी चार-पाच सेकंदांचा ट्रेलरचाच ट्रेलर जोडलेला असतो. किंकाळी, धडक, गोळी, आणि मग मूळ ट्रेलर सुरू. हळूहळू चढत जाणारा ताण हा या प्रकाराचा प्राण. तो इथे पहिल्याच घासाला खर्च होतो. खर्जातला तो घणाघाती आवाजही फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून नीट निघत नाही. टिकटिक आणि श्वास तेवढे पोहोचतात.

न्यायालये काय म्हणतात?

याबाबतचा भारतातील महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या तक्रारीतून आला. शाहरुख खानच्या 'फॅन' (२०१६) या थरारपटाच्या प्रसिद्धीत 'जबरा फॅन' हे गाणे गाजत होते. चित्रपटात ते नव्हतेच. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा पातळीवर तक्रार फेटाळली गेली. राज्य आयोगाने मात्र १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च मंजूर केला आणि राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्या. पी. एस. नरसिंहा आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठानुसार, ट्रेलर ही निर्मात्याने एकतर्फी केलेली प्रसिद्धी असते. तिकीट खरेदी हा त्याहून स्वतंत्र व्यवहार आहे. त्यामुळे ट्रेलरमधील गोष्ट चित्रपटात नसणे हा करारभंग ठरत नाही आणि या प्रकरणात ती अनुचित व्यापारी प्रथाही ठरत नाही. कलेशी संबंधित सेवेत निर्मात्याला काही मोकळीक असणारच, असेही न्यायालयाने नमूद केले.

अमेरिकेत वारे थोडे वेगळे आहे. 'यस्टरडे' (२०१९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये अभिनेत्री आना दे आर्मास दिसते, चित्रपटात नाही. तिच्यासाठी पैसे मोजलेल्या दोन चाहत्यांच्या दाव्यात डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीशांनी ट्रेलर ही व्यावसायिक जाहिरात असल्याचे म्हटले आणि तिला फसव्या जाहिरातींचा कायदा लागू होऊ शकतो, असा निर्णय दिला. मात्र त्यांनी मर्यादाही आखून दिली. हा मुद्दा एखादा कलाकार किंवा दृश्य चित्रपटात आहे की नाही, एवढ्यापुरताच. चित्रपट अपेक्षेसारखा निघाला नाही, ही तक्रार त्यात बसत नाही.

'ड्राइव्ह'विरुद्धचा दावा मिशिगनच्या अपील न्यायालयातही २०१३ मध्ये टिकला नव्हता. नव्या कसोटीवरही तो टिकला नसता. गाडी, हातमोजे, रात्र आणि सायरन, सगळे चित्रपटात होतेच.